उशिराची नोंद

अमरावतीच्या श्वासकेंद्रात मोठ्याने बोलल्याशिवाय कुणी कळ दाबत नसे. नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिले दोन दिवस आपण वेड्यांच्या बाजारात आलो असं वाटायचं. "नोंद. यवतमाळ, घर तीनशे बारा, प्रवाह दोनवरून तीन करतोय," असं खुर्चीवरचा माणूस भिंतीला सांगितल्यासारखं म्हणणार, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली बाई ते वहीत उतरवणार, "लिहिलं" म्हणणार आणि मगच याचं बोट कळीवर पडणार. आधी बोला, मग लिहा, मग करा. हा पायंडा रजनी काळमेघ यांनी चौदा वर्षांपूर्वी पाडला होता आणि कोपऱ्यातली ती बाई म्हणजे त्याच.

पायंड्यामागे अनुभव होता. संकट आलं की पाच माणसं पंचवीस गोष्टी करतात. यंत्रं सावरतात, सगळे चहा पितात, आणि तासाभराने विचारावं की बाबांनो, नेमकं काय केल्याने सावरली, तर प्रत्येकाचं उत्तर निराळं. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. म्हणून रजनीचा हट्ट असे की होत असतानाच लिहायचं. काय दिसलं, कोण बोललं, काय केलं, किती वाजता. कोणती कळ दाबली हे संगणक आपोआप लिहीतच असे, पण का दाबली हे त्याला कुठून कळणार? शिवाय संगणकच बंद पडला तर? म्हणून वही कागदाची, पेन शाईचं, खोडाखोड बंद. चुकलं तर एक आडवी रेघ आणि सही. राहून गेलं तर 'उशिराची नोंद' असं वर लिहून, आत्ताची वेळ घालून, मग राहिलेलं लिहायचं.

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. पाच जिल्ह्यांतल्या अकराशे चाळीस घरांत प्राणवायूची यंत्रं होती. कुणाची फुप्फुसं जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने गेलेली, कुणाची खडीच्या खाणीत, कुणाची चुलीपुढे. यंत्र खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकापर्यंत पोचवायचं, बोटाला लावलेला चिमटा रक्तातल्या प्राणवायूचा आकडा अमरावतीला पाठवायचा आणि इथून प्रवाह कमी-जास्त व्हायचा. आकडा नव्वदच्या वर असला की माणूस बरा.

दोन नंबरच्या खुर्चीवर बसायचा संकेत काळमेघ, रजनीचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सातवीत होता आणि अपूर्णांकांना घाबरत होता. वर्षभरात सासू गेली आणि त्याचे डबे, दप्तर, ताप, परीक्षा सगळं रजनीकडे आलं. आता तो अडतीस वर्षांचा होता, त्याची बायको भाग्यश्री शाळेत शिकवत होती आणि तिघं एकाच घरात राहत होती. रजनीचा नवरा विनायक सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तिने सांगितलेली वेळ तळहाताच्या मागे पेनाने लिहून घेतली आणि आलेल्या माणसांसाठी चहा टाकला. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. रडू आज येईल, उद्या येईल म्हणून तिनेही काही दिवस वाट पाहिली. मग ती कामावर रुजू झाली.

एकाच कक्षात दोन काळमेघ म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड कसलं? "घरची कंपनी आहे बाप्पा," असं कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं आणि ते रजनीच्या कानावर आलं. तेव्हापासून तिने संकेतला बजावून ठेवलं होतं की कक्षात वहिनी म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं. घरचं घरी. पण पंचवीस वर्षांची जिभेची सवय, दिवसातून एकदा तरी निसटायचंच. "वहिनी, गॅसवाला येऊन राहिला आज," किंवा "वहिनी, टाकी भरली नाही." रजनी मान वर न करता, उजव्या हाताचं लिहिणं न थांबवता, डावा तळवा नुसता उचलायची. संकेत तिथेच शब्द गिळायचा. पुढेपुढे ते इतकं अंगवळणी पडलं की कक्षातल्या कुणाला त्यात काही गंमतसुद्धा वाटेना.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये 'चाहूल' आली.

चाहूल म्हणजे कपाळाला बांधायची कापडी पट्टी, आतून बारीक धातूचे धागे विणलेली. तिच्यामागचं विज्ञान नवं नव्हतं. नेहमीच्या गोष्टींच्या गर्दीत एखादी अनपेक्षित गोष्ट समोर आली की साधारण एकतृतीयांश सेकंदाने मेंदूत विजेची एक लहानशी लाट उठते. आपल्या मनात "अरे!" उमटायच्या आधीच मेंदूने ते म्हणून घेतलेलं असतं. प्रयोगशाळेत, माणसाला शांत बसवून, ही लाट कित्येक वर्षं मोजली जात होती. नवं एवढंच की आता ती धावपळीत, बोलता-चालता, कापडाच्या पट्टीतून पकडता येत होती. पट्टीवरचा कॅमेरा फक्त डोळे टिपून नजर कुठे आहे ते सांगायचा. दोन्ही जुळवलं की कळायचं, या माणसाला अमुक सेकंदाला अमुक आकडा खटकला.

त्यामुळे नोंदीत एक नवा रकाना आला. पूर्वी 'बोललं' आणि 'केलं' असे दोन होते, आता त्यांच्या आधी 'जाणवलं' हा तिसरा. तो माणसाने भरायचा नव्हता, यंत्रच भरायचं.

कर्मचाऱ्यांच्या संघटनेने विरोध करून पाहिला. शेवटी तडजोड झाली ती अशी की कक्षातलं सततचं ध्वनिमुद्रण बंद होईल, 'नोंद' हा शब्द उच्चारला की सुरू होईल आणि सांगणारा दोनतीन सेकंद थांबला की आपोआप बंद होईल, म्हणजे खाजगी बोलणं खाजगी राहील. कुणी काय बोललं हे ऐकायचं नाही, मात्र कुणाच्या मेंदूत काय हललं ते बघायला हरकत नाही, असा तो एकूण समझोता होता. सगळ्यांनी सह्या केल्या. रजनीनेही केली आणि पहिल्या दिवसापासून पट्टी बांधली. तिच्या आलेखाची रेघ इतकी सरळ यायची की बसवायला आलेल्या माणसाने दोनदा धागे तपासले. "मॅडम, तुम्हाला आश्चर्य कशाचंच वाटत नाही का?" त्याने विचारलं होतं. चौदा वर्षं झाली इथे, असं तिने उत्तर दिलं.

मे महिन्याच्या सतरा तारखेला पारा सत्तेचाळीसवर होता. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने सकाळी नवी सेटिंग पाठवली होती आणि दुपारी दोनच्या सुमारास ती सगळ्या घरांत चढवायची होती. तिच्यात एक कलम असं होतं की यंत्र फार तापलं तर जळू नये म्हणून त्याने स्वतःचा प्रवाह कमी करावा आणि तोवर केंद्राला 'जपणूक चालू' असा निरोप द्यावा. कागदावर हे शहाणपणाचंच होतं. कंपनीतल्या माणसांनी मात्र विदर्भातली पत्र्याची घरं मे महिन्यात पाहिली नव्हती. आणि 'जपणूक चालू' असेपर्यंत आकडा घसरला तरी केंद्रात धोक्याचा लाल दिवा लागायचा नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"नोंद. नवी सेटिंग अकराशे चाळीसपैकी अकराशे एकतीस घरांत पोचली. नऊ बाकी. बाकी घरांचे क्रमांक सांगतो," संकेत म्हणाला तेव्हा चौदा सोळा झाले होते. त्याने नऊ क्रमांक सांगितले. रजनी ते लिहीत होती. त्याचं सांगून झालं तरी तिचं लिहिणं संपलं नव्हतं, तोच संकेत पुन्हा काहीतरी बोलायला लागला. तिचा डावा तळवा वर झाला. तिने नववा क्रमांक पुरा केला, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "लिहिलं."

तेवढ्यात अकोल्याहून एका दवाखान्याचा फोन आला, तो संकेतने घेतला. मग बुलढाण्याच्या दोन घरांतली वीज गेल्याचा इशारा आला. ती दोन्ही कामं त्याने नीट निस्तरली, दोन्ही वेळा "नोंद" म्हणून, दोन्ही वेळा "लिहिलं" ऐकून. मग वाशीम जिल्ह्यातली तीन घरं एकदम ऐंशीच्या खाली उतरलेली त्याने पाहिली आणि त्याचा आवाज चढला.

"नोंद! नवी सेटिंग काढून जुनी परत चढवतोय. सगळी घरं. यंत्रं नव्वद सेकंद बंद राहतील. जबाबदारी माझी."

"लिहिलं," रजनी म्हणाली. चौदा सव्वीस, सेकंद चाळीस.

अकराशे चाळीस घरांतली यंत्रं नव्वद सेकंद गप्प झाली आणि पुन्हा घरघरू लागली. आकडे हळूहळू वर आले. फक्त कारंज्याच्या घर क्रमांक चारशे सहाचा आला नाही. शकुंतला टाले, वय एकसष्ट, शिवणकाम करायच्या. नवरा अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होता. आत येऊन त्याने हाक मारली तेव्हा सारं आटोपलं होतं.

रजनीने तेही लिहिलं. क्रमांक, नाव, वेळ. अक्षर नेहमीसारखंच आलं.

चौकशी समितीचा पहिला अहवाल आठवड्याभरात आला. त्यात चाहूलचे आलेख जोडले होते आणि भानगड दुसऱ्या पानावर होती. चौदा सतरा, सेकंद आठ: संकेत काळमेघ, पडदा तीन, घर चारशे सहा, आकडा चौऱ्याऐंशी. जाणवलं. त्यापुढचा 'बोललं'चा रकाना थेट चौदा सव्वीस चाळीसचा. मधे नऊ मिनिटं बत्तीस सेकंद. डॉक्टरांचं मत असं की प्रवाह चौदा वीसच्या आत पूर्ववत झाला असता तर बाई वाचण्याची शक्यता दाट होती. अहवालाचं वाक्य सरळ होतं: कर्मचाऱ्यास धोका ठाऊक असूनही तो नऊ मिनिटे मौन राहिला. नोकरी जाणार हे उघडच होतं, वर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करण्याची शिफारस होती.

संकेतने अहवाल स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला. "मला आठवूनच नाही राहिलं," तो म्हणाला. "आईशपथ. मी तो आकडा पाहिला हेच मला आठवत नाही. पाहिला असता तर बोललो नसतो का मी?"

"बोलला असता," भाग्यश्री म्हणाली.

"मग हे काय आहे? यंत्र खोटं काहून बोलेल?" त्याने तो आलेख बायकोपुढे धरला. सपाट रेघेवर एक छोटी टेकडी होती. "ही मीच आहे ना. माझ्या डोक्यातली आहे. म्हणजे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. कसा माणूस आहे मी?"

रजनी पोळ्या लाटत होती. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. त्या बाईसाठी वाटायला हवं होतं, या पोरासाठी तर हवंच होतं. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढून बघावा तसं तिने मनाला दोनतीनदा चिमटून पाहिलं. पोळी करपू नये एवढंच लक्षात आलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून वकिलाने मागितलेल्या कागदांची यादी करत होती. संकेत वकिलाकडेच गेला होता. भाग्यश्री चहा घेऊन आली.

"ताई, मी म्हणून राहिली होती की सुट्टीत आईकडे—"

आणि भाग्यश्री थांबली. अर्ध्या वाक्यात, तोंड तसंच उघडं ठेवून. रजनीला शांतता जाणवली म्हणून तिने वर पाहिलं. भाग्यश्री तिच्याकडे बघत नव्हती, तिच्या हाताकडे बघत होती. रजनीचा डावा तळवा हवेत होता.

"मी हा कधी उचलला?" रजनीने विचारलं.

"आत्ताच. तुम्ही लिहून राहिल्या ना. मग आम्ही थांबतो," भाग्यश्री म्हणाली. "नेहमीचंच आहे ते."

रजनीने हात खाली ठेवला. तिने आत जाऊन वकिलासाठी आणलेली वहीची झेरॉक्स प्रत बाहेर घेतली आणि सतरा मेचं पान उघडलं. चौदा सोळा ते चौदा सतरा, नऊ क्रमांक. आठव्या आणि नवव्यामध्ये कुठे पेन अडखळल्याची खूण नव्हती. पण तिला आता ऐकू येत होतं. आठवा क्रमांक लिहून होत होता आणि डाव्या कानाशी संकेतचा आवाज आला होता. एकच शब्द. तिला तो शब्दही आठवला. तेव्हा तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, फक्त हातापर्यंत पोचला होता.

गप्प राहिलं तर संकेत जाणार, कदाचित तुरुंगात. बोललं तर नऊ मिनिटं तिची होणार. हा हिशोब तिने एकदाच केला, आणि तो अवघड नव्हता. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली, मूळ वही मागून घेतली आणि लिहिलं: उशिराची नोंद. दोन जून, दहा वाजून पाच मिनिटं. सतरा मे रोजी चौदा सतराच्या सुमारास खुर्ची दोनवरील कर्मचारी बोलू लागला असता मी हाताने खूण करून त्याला थांबवले. रजनी काळमेघ.

समितीपुढे सुनावणी गुरुवारी झाली. अध्यक्ष धांडे साहेब म्हणजे केंद्राचेच जुने अधिकारी, आणि पुण्याहून आलेल्या डॉ. इरावती सबनीस, ज्यांनी चाहूलच्या चाचण्या घेतल्या होत्या. संकेतलाही बसवलं होतं. रजनीने सांगायचं ते सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगितलं, कारण तिला दुसरं कसं सांगावं ते येत नव्हतं.

धांडे साहेबांनी चष्मा काढला. "काळमेघ मॅडम, तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

"वहिनी."

"आणि ही गोष्ट तुम्हाला पंधरा दिवसांनी आठवली. अहवाल वाचल्यावर."

"हो."

सबनीसबाईंनी पडद्यावर एक आलेख लावला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ. "हा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "सतरा मे, चौदा पंधरा ते चौदा वीस. कुणी तुमच्याशी बोललं, तुम्ही ते ऐकलंत, त्याला थांबवायचं ठरवलंत, तर इथे काहीतरी हललेलं दिसायला हवं. काहीच नाही."

"मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला."

"शक्य आहे ते." त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "जे रोज घडतं त्याला मेंदू दाद देत नाही. दाराजवळ राहणाऱ्याला दाराचा आवाज ऐकू येत नाही तसं. आणि विचार अर्ध्यावर तुटला तर बोलणाऱ्यालाही तो पुढे आठवत नाही, हेही होतं. मी नाही म्हणत नाही. पण सवयीची नोंद मी कुठल्या रकान्यात करू? माझ्याकडे तो रकाना नाही."

"म्हणजे पुरावा नाही," धांडे साहेब म्हणाले. "त्यांना जाणवलं, याचा पुरावा आहे. तुम्ही थांबवलं, याचा नाही; ध्वनिमुद्रण तर नववा क्रमांक सांगून झाल्यावरच बंद झालेलं. उलट तुम्हाला काही ऐकूच आलं नाही याचाच पुरावा आहे. ते काय बोलले होते, ते तरी सांगा."

रजनीने तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर होता. समोर धांडे साहेब होते, शेजारी टपरीवर बोलणारी सगळी माणसं बसल्यासारखी तिला वाटली, आणि तिने तोंड मिटलं. "नीट आठवत नाही," ती म्हणाली.

"मॅडम, तुमची चौदा वर्षांची सेवा निष्कलंक आहे," धांडे साहेब उठत म्हणाले. "दिरासाठी जीव तुटतो, समजू शकतो आम्ही. उद्या दुपारपर्यंत ही नोंद मागे घेतल्याचं पत्र द्या, आम्ही विषय वाढवणार नाही. नाही दिलं, तर खोटी नोंद केल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई होईल."

मागे घेतल्याच्या पत्राचा मसुदाही त्यांनी तयारच ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

घरी आल्यावर संकेतने चपला काढल्या, बाहेरच्या खोलीत आला आणि रजनी खुर्चीत बसते न बसते तोच तिच्या पायांवर डोकं ठेवलं. असं त्याने लग्नात केलं होतं, त्यानंतर आताच. तो रडत होता.

"एवढं तर आईनंही नसतं केलं माझ्यासाठी," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहून खोटं बोलल्या तुम्ही. तुम्ही, ज्यांनी कधी खोडाखोड केली नाही."

"ऊठ संकेत. मी खोटं बोलले नाही."

"राहू द्या आता. करा सही आणि मोकळ्या व्हा. माझं जे व्हायचं ते होईल. चूक माझी आहे, मी भोगतो. तुम्ही काहून स्वतःला यात ओढून राहिल्या?"

"मी तुला थांबवलं होतं."

"वहिनी, मी पण आलेख पाहिला ना." तो डोळे पुसत, समजूत घालायच्या आवाजात म्हणाला. लहानपणी ताप आला की ती त्याच्याशी ज्या आवाजात बोलायची तोच तो आवाज. "तुमच्यात काही उमटलंच नाही तेव्हा."

"हेच तर सांगून राहिली मी," रजनी म्हणाली. "काही उमटलंच नाही."

संकेतचे हात तिच्या पायांवर होते. ते तिथेच राहिले, पण त्याचं रडणं थांबलं.

"तू बोलायला लागला आणि माझ्यात काही उमटलं नाही. त्या बाईचं नाव लिहिलं, तेव्हाही नाही. तुझा दादा गेला तेव्हाही नाही. त्या रेघेवर शोधून पहा, कुठंच काही नाही. ती रेघ खोटी नाही संकेत. तशीच आहे मी."

"काय बोललो होतो मी?" त्याने हळू विचारलं.

"वहिनी."

"हां?"

"तू 'वहिनी' म्हणाला होता. तेवढंच. पुढचं मी बोलू दिलं नाही. मला वाटलं, घरचं काहीतरी असेल. गॅस नाहीतर टाकी." तिने सहीसाठी दिलेला मसुदा हातात उचलला आणि परत टेबलावर ठेवला. "तू मॅडम म्हणाला असता, तर मी पेन थांबवलं असतं."

संकेत उठला नाही. जमिनीवरच मागे सरकून भिंतीला टेकला. समोरच्या दाराकडे बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते काय, हे ओळखायला रजनीला पट्टीची गरज लागली नाही.

"हौ," तो म्हणाला. "म्हटलं होतं मी. 'वहिनी, कारंज्याचं पहा.' असं म्हणायचं होतं मला. घाबरलो होतो मी. घाबरलो की तेच येते तोंडात." त्याने तिच्याकडे पाहिलं. "साहेबांपुढे काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली," रजनी म्हणाली. तेवढं मात्र तिला खरोखर वाटत होतं. ते तिच्या छातीत कुठेतरी होतं, लहान आणि कडक.

तिने पत्रावर सही केली नाही. शुक्रवारी सकाळी जाऊन तिने पुन्हा वही मागितली, तिच्या नोंदीखाली आणखी एक उशिराची नोंद केली, आणि या वेळी तो शब्दही लिहिला. वही परत घेणाऱ्या कारकुनाने तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि वही कपाटात ठेवून दिली. समितीने दोन्ही नोंदी अहवालाच्या शेवटी जोडल्या आणि वर शिक्का मारला, 'अग्राह्य'. संकेतची नोकरी गेली, त्याच्यावरचा खटला उभा राहिला. खोट्या नोंदीबद्दल रजनीलाही ऑगस्टमध्ये काढलं. तिच्या जागी माणूस नेमला नाही. तिन्ही रकाने यंत्रच भरतं आता.

घर तसंच चाललं आहे. संकेत तारखांना वाशीमला जातो, उरलेल्या वेळात एका दुकानात यंत्रं दुरुस्त करतो. तिच्यावर त्याने कधी आवाज चढवला नाही, कुणापाशी तक्रार केली नाही. वकिलाने दोनदा सांगितलं की वहिनींना साक्षीला बोलवू, तेव्हा नको म्हणाला. फक्त सुनावणीच्या त्या दिवसानंतर त्याने तिला हाक मारलेली नाही. काही सांगायचं असलं, जेवायला बोलवायचं असलं, तर तो तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो आणि ती वर बघेपर्यंत थांबतो. हातात काम असलं तर तिला वर बघायला बराच वेळ लागतो.